साळूबाईची हलकी गाडी

“वजनकाट्यानं नाही मोजायचं, तर मग कशानं मोजायचं, बाबा?”

लतीफ फकीर आपल्या तकियापुढचं, म्हणजे मठीपुढचं, अंगण झाडत होता.

विचारणारे खरमाटे साहेब, नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक. बूट न काढता पायरीवर बसलेले. माणूस वाईट नव्हता. काट्यावर भरवसा फार, डोळ्यांवर कमी.

“सरळ हिशोब आहे. वरच्या पेठेची घंटागाडी डेपोवर रोज गच्च भरून येते. साळूबाईची, खालच्या आळीतली, अर्धी रिकामी. डिझेल तेवढंच, माणसं तेवढीच. मग कामचोर कोण?”

“साळूबाई काय म्हणते?”

“ती काय म्हणणार! दारोदार बायकांशी हुज्जत घालते. सालं शेळीला घाला म्हणते, खरकटं झाडाच्या बुडाशी पुरा. तिला कचरा उचलायला ठेवलीय का कीर्तन करायला? उद्या सकाळी हजेरीलाच सांगून टाकणार. तिच्यासकट सगळी टोळी घरी.”

झाडू चालूच...

“तुमच्याकडं येऊन रडली म्हणे. म्हणून आधीच सांगायला आलो. रदबदली नको.”

“रडली नाही. शिव्या घालून गेली.”

“मला?”

“काट्यालापण.”

साहेब हसले नाहीत.

फकिरानं झाडू भिंतीला टेकवला. आतून दोन केळी आणली. एक साहेबांना दिलं, एक स्वतः सोललं.

दोघं खात बसले.

भिंतीपाशी आळीतली एक शेळी उभी होती. फकिरानं साल पुढं केलं. तिनं ते खाल्लं, वर त्याची बोटंही चाटली.

साहेबांनी आपलं साल न बघताच झाडलेल्या अंगणात भिरकावलं.

शेळी तिकडं वळली. फकिरानं पाय आडवा घातला.

“हट्! ते साहेबांचं आहे.”

त्यानं साल उचललं, माती झटकली आणि साहेबांच्या तळहातावर ठेवलं.

“तोला.”

“हे काय, बाबा?”

“तोला की. वजनावर भरवसा आहे ना?”

साहेबांना मूठ मिटवेना, साल टाकवेना.

फकिरानं आपला मोकळा तळहात त्यांच्या हाताशेजारी धरला.

“तुमच्या हिशोबानं आपल्या दोघांत स्वच्छ तुम्हीच, साहेब. माझ्याकडं तोलायला काही उरलंच नाही.”