कॅमेऱ्याचं कव्हर आणि गुरुजींची कात्री

एकदा एक मनुष्य आपल्या छोट्या कॅमेऱ्यासाठी कव्हर घ्यायला निघाला आणि सोबत गुरुजींना घेऊन गेला. आता, मुठीत मावणाऱ्या कॅमेऱ्याच्या कव्हराला गुरू कशाला हवा, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! पण जी वस्तू एकट्याने विकत घ्यायला माणूस कचरतो, ती कधीच क्षुल्लक नसते.

त्याचं नाव यशवंत. वयाने पन्नाशी ओलांडलेला. तरुणपणी ज्यांच्या स्टुडिओत तो छायाचित्रण शिकला, ते गुरुजी आता ऐंशीच्या घरात होते. यशवंतची पत्नी वासंती दीड वर्षापूर्वी अचानक वारली. त्याच्या आठवडाभर आधी ती गच्चीवर कुरडया घालत होती आणि त्याने तिचा फोटो काढला होता. "पुरे हो आता, माझा अवतार तरी बघा!" असं म्हणत ती हसली होती. कॅमेऱ्यातला तो अखेरचा फोटो.

त्याची मोठी प्रत भिंतीवर लावलेली होती, पण तिला हार होता. कॅमेऱ्यातल्या वासंतीला हार नव्हता. बटण दाबलं की सर्वांत आधी तीच समोर यायची, जणू आत्ताच बोलायची थांबली आहे. आणखी एक जरी फोटो काढला असता, तरी ती एका फोटोने मागे गेली असती. म्हणून यशवंतने पुढे एकही फोटो काढला नाही. रोज संध्याकाळी तो तिला पाहत असे आणि कॅमेरा बंद करत असे. फार आठवण यायची हो त्याला तिची.

आणि आता त्याच्या मुलीला, मुक्ताला, मुलगी झाली होती. रविवारी बारसं. मुक्ताने निक्षून सांगितलं होतं, "बाबा, कॅमेरा आणा. फोटो तुम्हीच काढायचे." त्याला नाही म्हणवेना आणि हो म्हणायला जीभ रेटेना.

दुकानदाराने बरीच कव्हरं पुढे मांडली. यशवंतने त्यातलं सर्वांत टणक उचललं. दुहेरी चेन, वर छोटं कुलूप लावायची सोय.

"हेच घेतो, गुरुजी. पडलं तरी काही व्हायचं नाही."

"आणि कॅमेरा बाहेर काढायला?"

"वेळ लागतो जरा," यशवंत खाली बघत म्हणाला. "लागेना का."

गुरुजींनी ते हळूच बाजूला सारलं. मऊ अस्तराचं, चांगलं खोलगट असं दुसरं कव्हर निवडून त्यांनी त्याचे पैसे दिले. त्याचं झाकण एका बटणाच्या पट्टीने बंद होत असे. गुरुजींनी दुकानदाराकडे कात्री मागितली आणि ती पट्टी मुळापासून कापून टाकली.

"अहो आजोबा, कोरं करकरीत आहे ते!" दुकानदार ओरडला.

यशवंतने कव्हर त्यांच्या हातून ओढून घेतलं. "हे काय केलंत गुरुजी? माझी वासंती राहणार आहे त्यात!"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "धूळ, पाऊस, धक्का यांपासून हे कव्हर कॅमेऱ्याला राखील. तू मात्र त्याला नातीपासून राखायला निघालास. जे बाहेर काढायचंच नाही, त्याला घरचं कपाट पुरतं रे. कव्हर लागतं ते बाहेर न्यायच्या वस्तूला. आणि मला सांग, ती हसली ती कोणाकडे बघून? कॅमेरा हातात घेतलेल्या यशवंताकडेच ना? मग त्या माणसाला का कोंडून ठेवतोस?"

 कव्हर खांद्याला अडकवून यशवंत घरी गेला.

रविवारी पाळण्याभोवती बायकांची गर्दी झाली. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीत धपाटे पडले, एकच हशा उसळला. तेवढ्यात बाळाने तोंड भरून जांभई दिली. यशवंतचा हात मनाला न विचारताच झाकणाखाली गेला आणि फोटो निघाला.

मग मात्र त्याच्या लक्षात आलं, वासंती एका फोटोने मागे गेली. कोपऱ्यात जाऊन त्याने बटण दाबलं. पडद्यावर नात आली. मागचा फोटो पाहायचं बटण दाबलं. वासंती! मध्ये कोणीच नव्हतं. ज्यांची भेट राहून गेली होती, त्या आजी-नाती एकमेकींना लागून होत्या. त्याचे डोळे वाहू लागले आणि त्याने ते वाहू दिले.

"बाबा, नीट आलाय का हो फोटो?" मुक्ताने पाळण्याजवळून विचारलं.

"दोघी छान आल्यात गं," तो म्हणाला.