मिरीचं वाढत्या अंगाचं व्हायोलिन

एका कुंपणाखाली होतं एक बीळ. बिळात राहायची मिरी. मिरी म्हणजे चिचुंद्रीचं पिल्लू. अंगानं एवढुशी, नाकानं मात्र एवढी मोठी.

चिचुंद्रीची पिल्लं कशी चालतात, ठाऊक आहे? पहिल्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात. दुसऱ्याची शेपटी तिसऱ्याच्या तोंडात. अशी लांबच लांब रांग. मिरी सगळ्यांत धाकटी, म्हणून सगळ्यांत शेवटी.

मिरीचे बाबा फार धोरणी. काहीही आणायचं, तर वाढत्या अंगाचं आणायचं. फ्रॉक वाढत्या अंगाचा, तो जमिनीवर लोळायचा. टोपी वाढत्या अंगाची, ती डोळ्यांवर यायची. चपला वाढत्या अंगाच्या, त्या मिरीच्या आधी पोचायच्या.

मिरीला शिकायचं होतं व्हायोलिन. बाबा बाजारात गेले आणि घेऊन आले. केवढं आणलं? वाढत्या अंगाचं. त्याची पेटी बिळात शिरेना. म्हणून बाहेर ठेवली, तर रात्री सगळी भावंडं तिच्यातच झोपली. वर थोडी जागा उरली.

"पोरगी वाढेल की," बाबा म्हणाले. "दरवर्षी कुठे नवीन आणत बसू?"

सकाळी मिरी निघाली शिकायला. पेटीला बांधली सुतळी. सुतळी बांधली कमरेला. एवढीशी मिरी एवढी मोठी पेटी कशी ओढते, ते मला विचारू नका. ओढली.

फटक फटक चपला,
घर्र घर्र पेटी.

विटांच्या ढिगाऱ्याआड नाकतोडे मास्तरांचा वर्ग होता. मास्तरांनी मिरीसाठी पाट मांडला होता. नवा, गुळगुळीत, लालचुटूक. मिरी बसली, तर पाट अगदी मापाचा. मिरीच्या आयुष्यात तेवढी एकच वस्तू मापाची होती. मिरीला पाट फार म्हणजे फार आवडला.

व्हायोलिनच्या टोकाला लाकडाचं वेटोळं असतं, गोगलगायीच्या पाठीवर असतं तसं. मास्तर त्याला गोगलगायच म्हणत. ते मिरीला म्हणाले,

"हनुवटीखाली ठेव.
हात लांब कर.
गोगलगाय मुठीत आली?"

मिरीनं हात ताणला. बोटं ताणली. नाकसुद्धा ताणलं. गोगलगाय राहिली तिकडे लांब गवतात.

मास्तरांनी मान हलवली. म्हणाले, असं ताणून ताणून वाजवशील, मान वाकडी करशील, आणि चार दिवसांत म्हणशील, मला येतच नाही. तुझ्या मापाचं आण, मग शिकवतो. आणि त्यांनी पाट उचलला. विटेला उभा टेकवला.

"दिवेलागणीपर्यंत वाट बघीन," मास्तर म्हणाले. "नाहीतर पाट पालीच्या पोराला."

पालीचं पोर तिथेच बसलं होतं. पाटाकडे बघत होतं. जीभ लपक लपक करत होतं.

मिरीचा पाट गेला. मिरीला रडू आलं. पण टोपी डोळ्यांवर होती, म्हणून कुणाला दिसलं नाही.

फटक फटक चपला,
घर्र घर्र पेटी.

लिंबाच्या झाडावर खारूताई व्हायोलिन वाजवत होती. तिचं व्हायोलिन तिला आखूड झालं होतं. कोपर पोटात, हनुवटी छातीत. मिरी म्हणाली,

"खारूताई, खारूताई, व्हायोलिन दे.
तुझं मला,
मग मास्तर मांडतील पाट,
आणि मी वाजवीन किंऽ किंऽ."

"तुला दिलं तर मी काय वाजवू? शेपूट?" खारूताई म्हणाली. पण तुझी पेटी तरी बघू, म्हणून सरसर खाली उतरली.

हनुवटीखाली ठेवलं.
हात लांब केला.
गोगलगाय मुठीत येईना.

खारूताईला ते फारच मोठं. ती म्हणाली, "मुंगूसदादाचं मला मिळू दे, मग माझं तुला."

फटक फटक चपला,
घर्र घर्र पेटी.

मुंगूसदादा होता शेताच्या बांधावर. वाजवता वाजवता तारांवर फिरवायचा गज सारखा त्याच्याच कानात जायचा, इतकं त्याचं व्हायोलिन लहान झालेलं. मिरी म्हणाली,

"मुंगूसदादा, मुंगूसदादा, व्हायोलिन दे.
तुझं खारूताईला,
खारूताईचं मला,
मग मास्तर मांडतील पाट,
आणि मी वाजवीन किंऽ किंऽ."

"तुला दिलं तर मी काय वाजवू? मिशा?" मुंगूसदादा म्हणाला. त्यानंही पेटी उघडली.

हनुवटीखाली ठेवलं.
हात लांब केला.
गोगलगाय मुठीत येईना.

मुंगूसदादा म्हणाला, "साळूमावशीचं मला मिळू दे, मग माझं तुला."

ऊन डोक्यावर आलं. टोपीत मिरीचं डोकं तापलं. तरी निघाली.

फटक फटक चपला,
घर्र घर्र पेटी.

साळूमावशी, म्हणजे अंगभर काटे असलेली साळिंदर, बिळाच्या तोंडाशी डुलक्या घेत होती. उशाला व्हायोलिन. आता ते उशीपुरतंच उरलं होतं. मिरी जरा लांबूनच म्हणाली,

"साळूमावशी, साळूमावशी, व्हायोलिन दे.
तुझं मुंगूसदादाला,
मुंगूसदादाचं खारूताईला,
खारूताईचं मला,
मग मास्तर मांडतील पाट,
आणि मी वाजवीन किंऽ किंऽ."

"तुला दिलं तर मी काय वाजवू? काटे?" साळूमावशी म्हणाली, आणि तिनं ते वाजवूनही दाखवले. खडखड खडखड.

हनुवटीखाली ठेवलं.
हात लांब केला.
गोगलगाय मुठीत येईना.

साळूमावशीनं जांभई दिली. "वानरमामाचं मला मिळू दे, मग माझं तुला."

फटक फटक चपला,
घर्र घर्र पेटी.

वानरमामा चिंचेवर उलटा लटकला होता. त्याला मिरी दिसलीच नाही. त्याला दिसली एक टोपी, आणि टोपीखालून आलेलं एक नाक. तो म्हणाला, टोपी कुठे निघाली? टोपीला कुणी सोबत नाही का? मिरीला राग आला. पण पाट आठवला. तिनं राग गिळला आणि म्हणाली,

"वानरमामा, वानरमामा, व्हायोलिन दे.
तुझं साळूमावशीला,
साळूमावशीचं मुंगूसदादाला,
मुंगूसदादाचं खारूताईला,
खारूताईचं मला,
मग मास्तर मांडतील पाट,
आणि मी वाजवीन किंऽ किंऽ."

"तुला दिलं तर मी काय वाजवू? गाल?" वानरमामा म्हणाला. गाल फुगवले, फुस्स केले, आणि खाली उतरला.

हनुवटीखाली ठेवलं.
हात लांब केला.
गोगलगाय मुठीत येईना.

पण बोटं लागली हं. नुसती टोकं लागली. वानरमामानं डोकं खाजवलं. "अस्वलभाऊचं मला मिळू दे, मग माझं तुला."

सावल्या लांब झाल्या. मिरीचे पाय दुखले. नाकाचा शेंडा लाल झाला. घरी जावं का, असं तिला वाटलं. मग वाटलं, पालीचं पोर पाटावर बसलं तर? मिरी उठली.

फटक... फटक... चपला,
घर्र... घर्र... पेटी.

डोंगराच्या पायथ्याशी होती गुहा. गुहेत अस्वलभाऊ. त्याच्या हातात त्याचं व्हायोलिन खेळण्यासारखं दिसत होतं. एक तार दाबायला जायचा, तर चारही दाबल्या जायच्या. मिरीला धाप लागली होती. तरी एक शब्द न विसरता ती म्हणाली,

"अस्वलभाऊ, अस्वलभाऊ, व्हायोलिन दे.
तुझं वानरमामाला,
वानरमामाचं साळूमावशीला,
साळूमावशीचं मुंगूसदादाला,
मुंगूसदादाचं खारूताईला,
खारूताईचं मला,
मग मास्तर मांडतील पाट,
आणि मी वाजवीन किंऽ किंऽ."

"तुला दिलं तर मी काय वाजवू? पोट?" अस्वलभाऊ म्हणाला. मिरीनं पेटी पुढे ढकलली.

हनुवटीखाली ठेवलं.
हात लांब केला.
गोगलगाय मुठीत...
आली.

अगदी अलगद आली. अस्वलभाऊ हसला. मिरीही हसली.

तेवढ्यात गुहेतून आल्या अस्वलकाकू. अस्वलभाऊची आई. त्यांनी व्हायोलिन पुढून बघितलं, मागून बघितलं. म्हणाल्या, "बरोबर बसतंय? मग नको. पोर वाढतंय आमचं. वाढत्या अंगाचं नाही का?"

मिरीनं टोपी काढली. सकाळपासून पहिल्यांदा तिचे डोळे दिसले. ती म्हणाली,

"अंग वाढेल तेव्हा वाढेल, काकू. वाजवायचं आज आहे."

अस्वलकाकूंनी मिरीच्या फ्रॉककडे बघितलं. चपलांकडे बघितलं. मग स्वतःशीच हसल्या आणि म्हणाल्या, घे रे बाळा, घे.

सूर्य डोंगराला टेकला होता. आता पेटी ओढायची नव्हती. मिरीनं चपला काढून हातात घेतल्या. आणि काय पळाली म्हणता. मागोमाग आपलं जुनं व्हायोलिन घेऊन अस्वलभाऊ.

तुरुतुरु तुरुतुरु.

अस्वलभाऊचं मिळालं वानरमामाला.
वानरमामाचं मिळालं साळूमावशीला.
साळूमावशीचं मिळालं मुंगूसदादाला.
मुंगूसदादाचं मिळालं खारूताईला.
खारूताईचं मिळालं मिरीला.

सगळे निघाले मिरीचं वाजवणं ऐकायला. अंधार पडत आला, कुणी चुकायला नको. म्हणून सगळे चालले चिचुंद्र्यांसारखे, शेपटी धरून रांगेत. मिरीची शेपटी अस्वलभाऊनं धरली, दोन बोटांत, जपून. अस्वलभाऊची शेपटी वानरमामानं धरली. अस्वलाला शेपटी कुठे असते? असते हो, केसांत शोधावी लागते. वानरमामाची शेपटी साळूमावशीनं धरली. साळूमावशीची शेपटी? मुंगूसदादा म्हणाला, नको, मी आपला लांबूनच येतो. आणि त्याची शेपटी धरून शेवटी खारूताई.

मिरी सगळ्यांत पुढे. जन्मात पहिल्यांदा.

इकडे वर्गात काजवे दिवे लावत होते. एक लागला. दुसरा लागला. मास्तरांनी रस्त्याकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. पाट आडवा केला. पालीच्या पोरानं पाटावर एक पाय ठेवला.

"मास्तर, मी आले," मिरी म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मागच्या रांगेकडे बघितलं. चष्मा पुसला.

"हनुवटीखाली ठेव.
हात लांब कर.
गोगलगाय मुठीत आली?"

"आली," मिरी म्हणाली.

मास्तरांनी पाट मांडला. मिरी पाटावर बसली. तिनं गज उचलला आणि वाजवलं.

कर्रऽ... खुईऽ... किंऽऽ.

वानरमामानं कानांत बोटं घातली. साळूमावशीची झोप उडाली ती उडालीच. पण विटांमागे कुणीतरी "वा, वा" म्हणालं. ते मिरीचे बाबा होते. लेकीला शोधत शोधत आले होते. त्यांचे डोळे ओले झाले होते. त्यांनी मिरीची टोपी घेतली, तिला मागून एक टाका घातला आणि परत तिच्या डोक्यावर ठेवली. टोपी डोळ्यांवर आली नाही.

तरी बाबा ते बाबाच. हळूच म्हणाले, "पण मिरी वाढली, की मग या लहानग्या व्हायोलिनचं काय करायचं?"

तेव्हा पाटाच्या कडेवरून एक बारीक आवाज आला. पालीचं पोर. मिरीहूनही लहान.

"मिरीताई, मिरीताई, व्हायोलिन दे.
तुझं मला,
मग मास्तर मांडतील पाट..."

मिरीला आजवर कुणी ताई म्हणालं नव्हतं. तिनं नाक वर केलं.

"तुला दिलं तर मी काय वाजवू? नाक?"

पालीच्या पोराचं तोंड एवढंसं झालं. त्याची जीभ लपकायची थांबली. मिरीनं ते बघितलं. सकाळी आपलंही तोंड असंच झालं होतं, हे तिला आठवलं.

"माझा हात वाढू दे, मग माझं तुला," ती म्हणाली. आणि पाटावर थोडी सरकली. "तोवर इथे बस."

मापाचा पाट, बसले दोघं. जरा दाटीच झाली. पण बसले.

मिरीचं व्हायोलिन गेलं पेटीत, गोष्ट गेली पोटात, पेटीचं झाकण लागलं खट्.