पालखी जिथं नाचत नाही तो कुणगा

देवळासमोरचा हा कुणगा, हे भाताचं लहानसं खाचर, बघा. शिमग्याला आमच्या देवाची पालखी गावभर नाचते, पण या बांधाशी आली की ढोल गप्प. पाहुणे विचारतात, काय झालं, कुणाच्या अंगात आलं का? नाही हो. पालखी बांधावर टेकवायची, एकेकानं कुणग्यात कुदळीचा एक घाव घालायचा, मग पुढं निघायचं.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. कुणगा होता आनशीचा. नवरा नाही, पदरात दोन लेकरं आणि भाताची रोपं करायला, म्हणजे तरव्याला, एवढाच तुकडा. सपाट, देवळालगत, म्हणून पालखी इथंच नाचायला लागली. आनशीला त्याचा कोण अभिमान! नारळ देऊन तिनंच पालखीला बोलावलं होतं. पण त्या पावसात तरवा बोटभर वाढला आणि पिवळा पडला. धाकू गुरव म्हणाला, देवाचं मन भरलं नाही, पुढच्या साली जास्त नाचवू. नाचवली. अख्खा गाव घुमला. तरवा आणखीच बसला. लावणीला रोप नाही, घरात दाणा नाही. भादव्यात तिचा थोरला लेक उपासानं गेला.

आनशी कुणग्यात जाऊन मेलेली रोपं उकरत बसली. मुळं दोन बोटं खाली गेली होती आणि तिथून आडवी वळली होती. त्याखाली विळ्याचं टोकही शिरेना. नांगर नुसता वरवर खरवडत होता, खालची जमीन गावाच्या पायांनी चोपलेल्या अंगणासारखी झाली होती. पोर कशानं गेलं ते तिला कळलं. आपणच नारळ देऊन पालखी आणली होती, हेही कळलं.

तिसऱ्या शिमग्याला घरात पायलीभर बियाणं उरलं होतं. ढोल जवळ आले तशी ती धाकटीला मांडीवर घेऊन कुणग्यात मधोमध बसली. गुरवानं समजावलं, लोक चिडले, पण ही हलेना.

"देवा, तुला नाचायला सगळा गाव आहे," ती म्हणाली. "माझ्या तरव्याच्या मुळांना एवढीच जागा आहे. नाचायचंच असेल तर आमच्या दोघींवर नाच."

असं सांगतात की पालखी तिथंच जड झाली. आठ गडी लागले तरी बांधावरून उचलेना. शेवटी धाकू गुरवच खालमानेनं कुदळ घेऊन उतरला. मग एकेक करत सगळे उतरले. कुणगा हातभर खोल फुटला, तेव्हा कुठं पालखी हलली.

त्या पावसात तरवा हिरवागार झाला. धाकटी जगली, आम्ही तिचेच वंशज.

आजही पहिला घाव त्या थोरल्यासाठी घालतात. त्याचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. कुणी विचारलंच नव्हतं.