गोजराबाईचे कोळपे

श्री केवळगिरी महाराज त्या साली बोरखिंडीच्या माळावर, महादेवाच्या देवळात उतरले होते. माळ सारा मुरमाड, पावसाच्या भरवशाचा. पेरण्या झाल्या, बाजरी वीतभर वर आली आणि पावसाने पाठ फिरवली.

गावात रंगनाथ आणि गोजराबाई हे भाविक जोडपे राहत असे. त्यांचा एकुलता बैल उन्हाळ्यात दगावला होता. बाजरीत तण माजले; जमिनीतली उरलीसुरली ओल तेच पिऊ लागले. तेव्हा रंगनाथने तण खुरपून काढायला लोहाराकडून लहानसे हातकोळपे करवून घेतले. तो मागून मूठ दाबी, गोजराबाई पुढून दोर ओढी. मुखी हरिनाम!

गावचे हैबतराव नाईक हे पाहून खदखदून हसले. "रंगनाथा, बैल झकास मिळाला रे तुला!" पण आभाळ कोरडेच राहिले, तशी त्यांची थट्टा विखारी झाली. चावडीवर ते म्हणाले, "बाई औताला जुंपली म्हणून पाऊस रुसला. ते कोळपं मोडून विहिरीत टाकलं पाहिजे."

पाणवठ्यावर बायका गोजराबाईला पाहून घागरी बाजूला घेऊ लागल्या. खरेच आपल्यामुळे साऱ्यांची पिके जळत असतील तर? कोळपे ठेवून द्यावे, तर वर्षाची भाकरी तणात जाणार. ओढावे, तर गावाचा तळतळाट! ती धावतच देवळात गेली.

"महाराज, माझ्यामुळं गेला का हो पाऊस?"

महाराजांची नजर तिच्या खांद्यावरच्या वळांकडे गेली. त्यांचे डोळे भरून आले. "पोरी, कष्टाचा देवाला विटाळ नसतो. चल शेतावर."

शेतात येताच महाराजांनी तो दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला! रंगनाथ कळवळला, पण महाराज ओढतच राहिले. इतक्यात नाईक गडी घेऊन आले.

"बुवा, बाजूला व्हा. गावाचा प्रश्न आहे."

महाराज दोर ठेवून बाजूला झाले.

नाईकांनी कोळपे हिसकले. ते हलेना! गडी लागले, तरी हलेना. चिडून त्यांनी आपली खिलारी जोडी जुंपली. बैल गुडघ्यांवर आले, दोर तुटला, पण पाते मातीतून सुटले नाही.

"गोजरा, तू उचल बाई," महाराज म्हणाले.

तिने मूठ धरली आणि केरसुणी उचलावी तसे कोळपे वर आले! पात्याखाली गच्च ओल होती. पाहता पाहता ती पिकाच्या ओळीओळींतून पसरली, बांध ओलांडून नाईकांच्या शेतातही शिरली. कोमेजलेली पाने उलगडू लागली.

नाईक महाराजांच्या पायांवर कोसळले. "चुकलो, महाराज!"

महाराज मागे सरले. "नाईक, दुष्काळाला भ्यालं सारं गाव, आणि दोष तुम्ही हिच्या माथी मारलात. पाय धरायचे तर हिचे धरा."

नाईकांनी पागोटे उतरवले. साऱ्या गड्यांदेखत गोजराबाईपुढे त्यांनी त्या ओल्या मातीत मस्तक टेकले आणि म्हणाले, "माय, या पाप्याला पदरात घे."