रिंगणातलं पुस्तक

फार जुन्या काळी, पुस्तकं हातानं लिहीत असत तेव्हाची ही गोष्ट. एका राजानं गावोगाव शाळा काढल्या. कुणाचंही मूल यावं, बसावं, शिकावं. पण लिहिणारे थोडे, म्हणून प्रत्येक शाळेला पुस्तक मिळे एकच. ते मधे ठेवायचं आणि भोवती सगळ्यांनी रिंगण करून बसायचं, अशी रीत पडली. पाटलाचा मुलगा आणि गुराख्याची मुलगी एकाच पानात डोकं घालत.

अशाच एका गावात एक मुलगी होती. शाळेत सगळ्यांत मोठी तीच, म्हणून अक्षरांखालून बोट फिरवत धडा तीच वाचून दाखवी. एकदा पुस्तकाची शिवण उसवली. ती घालायला तिनं पुस्तक घरी आणलं, आणि त्याच आठवड्यात तापानं ती गेली.

तिच्या पाठीवर एक भाऊ होता. डोक्यानं तापट, शाळेतून चार दिवसांत पळालेला. आईबाप नव्हते, ताईनंच त्याला वाढवलं होतं. त्यानं पुस्तक छातीशी धरलं आणि म्हणाला, "हे माझ्या ताईचं आहे. कुणी मागायला आलात तर याद राखा."

गुरुजी येऊन गेले, पंच येऊन गेले. एकानं तर टोमणा मारला, की ज्याला अक्षर येत नाही त्याला पुस्तक कशाला, उशाला घ्यायला? भावानं त्याच्यावर काठीच उगारली.

इकडे शाळेचे हाल झाले. गुरुजी आठवेल तसं शिकवत. काल धड्यातली नदी पूर्वेला वाहिली, आज पश्चिमेला. मग पाटलाचा मुलगा म्हणे तेच खरं ठरू लागलं, कारण त्याची चूक दाखवायला पानच समोर नव्हतं. हळूहळू गरिबांची मुलं यायची थांबली.

एका सकाळी गुराख्याची धाकटी मुलगी भावाच्या अंगणात आली.

"दादा, पुस्तक नको मला," ती म्हणाली. "ताईनं हरणाचा धडा अर्ध्यावर सोडला होता. हरीण वाचलं का, तेवढं सांगा."

भावानं पुस्तक उघडलं. पण त्याला एक ओळ लागेना. तेव्हा मुलगी त्याच्या समोर बसली आणि पुस्तक त्याच्याच हातात राहू देऊन पलीकडून घडाघडा वाचू लागली.

"उलटं कसं वाचतेस गं?"

"मी रोज ताईच्या समोर बसायचे ना. मला उलटंच येतं. सुलट धरलं की अडते."

ती बोट फिरवत होती. ताई थांबायची तिथंच थांबत होती आणि तिच्यासारखंच "हं, मग?" म्हणून पुढं जात होती. कितीतरी दिवसांनी त्या घरात ताईचं वाचणं ऐकू आलं. हरीण वाचलं. भाऊ मात्र ओक्साबोक्शी रडला.

डोळे पुसून तो मुलीबरोबर शाळेत गेला आणि पुस्तक मधोमध ठेवलं. गुरुजींना म्हणाला, "माझी ताई या पोरांत आहे, आणि मी तिला घरात कोंडून बसलो होतो. मलाही बसू द्या."

गुरुजींनी जरा सरकून त्याला जागा करून दिली.

मुलं परत आली. भाऊ वाचायला शिकला, लिहायलाही शिकला आणि जन्मभर गावोगावच्या शाळांसाठी पुस्तकं उतरवून देत राहिला. पुस्तक देताना तो हात जोडी आणि म्हणे, जे यातून शिकतील त्यांचे माझ्यावर उपकार होतील.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, शाळेचं पुस्तक आपल्याआधी शिकून गेलेल्यांनी आपल्यासाठी उघडून ठेवलेलं असतं. त्यांची आठवण ठेवून ते वाचावं आणि पुढच्यासाठी उघडंच ठेवावं.