टिंगूचा शंख आणि जुईचं पहिलं पाऊल

समुद्राच्या काठी एक वाडी. वाडीत उंच उंच माड. माडाखाली गार गार सावली. तिथे राहायचा टिंगू.

टिंगू म्हणजे एवढासा खेकडा. बोराएवढा. पाठ अगदी मऊ. मऊ पाठीवर कडक शंख. तोच त्याचा सदरा आणि तेच त्याचं घर. झोप आली की आत. भीती वाटली की आत. रोज समुद्रकाठचा कचरा वेचायचा. आणि चालायचा कसा? तिरका तिरका, तुरु तुरु.

सुट्टी लागली की वाडीत माणसं यायची. वाडी त्यांचीच. कोल्हापूरहून निघायची, घाट उतरून यायची. यंदाही आली. आई आली. बाबा आले. मनवाताई आली. आणि आईच्या कडेवर बसून जुई आली.

जुई एक वर्षाची. तिला बसता यायचं. रांगता यायचं. धरून धरून उभंही राहता यायचं. चालायचं मात्र नाव नाही.

त्या घरात एक पद्धत होती, बरं का. बाळाचं पहिलं पाऊल ज्याच्याकडे पडेल, गूळखोबऱ्याचा पहिला घास त्याचा.

म्हणून बाबा म्हणायचे, "जुई, माझ्याकडे ये हं."

ताई म्हणायची, "नाही, माझ्याकडे."

आई नुसते हात पसरायची.

जुई सगळ्यांकडे बघायची. गोड हसायची. आणि खाली बसायची. धुप्प.

कोल्हापूरचा गूळ डब्यात होता. डबा तसाच बंद.

एका सकाळी काय झालं, टिंगूच्या शंखात वाळू शिरली. पाठ लागली खाजायला. टिंगू शंखाबाहेर आला. त्यानं शंख उलटा केला. झटकला. उन्हात ठेवला. म्हणाला, जरा तापू दे, मग घालू. इथेच चुकलं त्याचं. शंख ठेवला तो नेमका जुईच्या सतरंजीजवळ.

जुई आली रांगत रांगत. शंख दिसला. शंख उचलला. मुठीत धरला. मूठ गच्च.

टिंगू बघतच राहिला. पाठ उघडी. वर ऊन. आणि आभाळात एक घार. गोल गोल फिरत होती, खाली बघत होती. आता शंख मिळाला नाही तर? टिंगूला रडू आलं. तो थोडंसं रडला. मग डोळे पुसले आणि निघाला.

तिरका तिरका, तुरु तुरु. टिंगू आला जुईपाशी.

"जुईबाळ, जुईबाळ, शंख दे.
शंख माझ्या पाठीला."

जुईनं मूठ पोटाशी धरली. म्हणाली, "मंमं."

जुईला एवढंच बोलता यायचं. पण टिंगूला कळलं. आधी पेज दे, मग शंख घे.

तिरका तिरका, तुरु तुरु. टिंगू आला आईपाशी. अंगणात तीन दगडांची चूल. चुलीवर पेज. रटरट, रटरट.

"आई, आई, पेज दे.
पेज जुईला, जुई देईल शंख,
शंख माझ्या पाठीला."

आई म्हणाली, "अरे बाळा, उघड्या पाठीनं कुठे हिंडतोस? जुईच्या मुठीतलं आम्ही कधी ओढून घेत नाही. पोट भरलं की ती आपणहून देते. पण पेजेत नारळाचं दूध नसलं तर जुई तोंडच उघडत नाही. नारळ दे, मग पेज घे."

तिरका तिरका, तुरु तुरु. टिंगू आला माडापाशी. माड उंच, टिंगू बुटका. टिंगूनं मान वर केली. वर केली, वर केली, आणि उताणा पडला. उठला आणि म्हणाला,

"माडदादा, माडदादा, नारळ दे.
नारळ आईला, आई देईल पेज,
पेज जुईला, जुई देईल शंख,
शंख माझ्या पाठीला."

वरून आवाज आला. सळसळ, सळसळ. माड म्हणाला, "दोन दिवस झाले, माझ्या मुळाशी थेंब नाही. पाणी दे, मग नारळ घे."

तिरका तिरका, तुरु तुरु. टिंगू आला पंपापाशी. विहिरीवरचा पंप. पोट मोठं, आवाज मोठा. पण आता अगदी गप्प.

"पंपकाका, पंपकाका, पाणी दे.
पाणी माडाला, माड देईल नारळ,
नारळ आईला, आई देईल पेज,
पेज जुईला, जुई देईल शंख,
शंख माझ्या पाठीला."

पंप म्हणाला, "मी काय आपला आपण फिरतो? बटण दाब, मग पाणी घे."

टिंगू बटणावर चढला. नाचला. उड्या मारल्या. टुण टुण टुण. बटण हललंसुद्धा नाही.

तिरका तिरका, तुरु तुरु. टिंगू आला बाबांपाशी. बाबा ओटीवर बसले होते. बसून काय करत होते? चष्मा शोधत होते. उशीखाली बघितलं, नाही. खिशात बघितलं, नाही. चष्मा नसला की बाबांना सगळं धुरकट दिसतं. बाबांनी टिंगूला चिमटीत धरलं.

बाबा म्हणाले, "अरे वा, बोर." आणि तोंडाकडे नेलं.

"अहो, मी बोर नाही. मी टिंगू."

बाबा ओशाळले. त्यांनी टिंगूला हळूच खाली ठेवलं. टिंगूच्या छातीत धडधड, धडधड. तरी तो म्हणाला,

"बाबा, बाबा, बटण दाबा.
बटण पंपाचं, पंप देईल पाणी,
पाणी माडाला, माड देईल नारळ,
नारळ आईला, आई देईल पेज,
पेज जुईला, जुई देईल शंख,
शंख माझ्या पाठीला."

बाबा म्हणाले, "दाबलं असतं रे. पण लाल बटण कुठलं आणि हिरवं कुठलं, मला दिसतंय कुठे? चष्मा दे, मग बटण दाबतो."

आणि चष्मा कुणाकडे? ताईकडे. ताई वाळूचा किल्ला बांधत होती. किल्ल्याला खिडकी हवी होती. चष्म्याला तर दोन खिडक्या. म्हणून तिनं न विचारताच नेला होता.

तिरका तिरका, तुरु तुरु. टिंगू आला ताईपाशी.

"ताई, ताई, चष्मा दे.
चष्मा बाबांना, बाबा दाबतील बटण,
बटण पंपाचं, पंप देईल पाणी,
पाणी माडाला, माड देईल नारळ,
नारळ आईला, आई देईल पेज,
पेज जुईला, जुई देईल शंख,
शंख माझ्या पाठीला."

ताईनं नाक फुगवलं. "सकाळपासून बांधतेय मी. वाळू कोरडी. बुरूज बांधला की पडतो, बांधला की पडतो. आणि मोठं माणूस बरोबर नसलं तर पाण्याजवळ जायचं नाही, असं आईनं सांगितलंय. ओली वाळू दे, मग चष्मा घे."

आता ओली वाळू कुणाकडे? लाटेकडे. आणि लाट होती कुठे? लांब. ओहोटी लागली होती. मध्ये नुसती तापलेली वाळू.

टिंगू निघाला. पाय भाजले. चट चट, चट चट. पाठ भाजली. तेवढ्यात वाळूवर सावली पडली. काळी काळी. घारीची. टिंगू वाळूत घुसला. डोळे मिटले. हललाच नाही. सावली आली. सावली फिरली. सावली गेली. टिंगू बाहेर आला. शंख असता तर आत जाऊन बसलो असतो, असं त्याला वाटलं. पुन्हा रडू आलं. पण चालला.

तिरका तिरका, तुरु तुरु. टिंगू आला लाटेपाशी. दमला होता. आवाज एवढासा झाला होता.

"लाटबाई, लाटबाई, ओली वाळू दे.
वाळू ताईला, ताई देईल चष्मा,
चष्मा बाबांना, बाबा दाबतील बटण,
बटण पंपाचं, पंप देईल पाणी,
पाणी माडाला, माड देईल नारळ,
नारळ आईला, आई देईल पेज,
पेज जुईला, जुई देईल शंख,
शंख माझ्या पाठीला."

एवढं बोलून टिंगू वाट बघत उभा राहिला. आता लाट काय मागते? हे दे म्हणेल की ते दे म्हणेल?

लाट म्हणाली, "मला काही नको."

"काहीच नको?"

"काहीच नको. रोज माझ्या काठावरचा कचरा कोण वेचतं? तू. काठ स्वच्छ कोण ठेवतं? तू. तुला मी कधी विचारलं का, टिंगू, काय घेशील म्हणून? ये, बस माझ्या पाठीवर. माझी यायची वेळ झालीच आहे."

आणि लाट निघाली. खळाळ, खळाळ. टिंगूला घेऊन निघाली. भाजलेले पाय गार झाले. भाजलेली पाठ गार झाली.

लाट आली किल्ल्यापर्यंत. वाळू झाली ओली.

ओली वाळू मिळाली ताईला. थाप थाप, थाप थाप. बुरूज उभा राहिला. ताई पळत सुटली. ताईनं दिला चष्मा.

चष्मा मिळाला बाबांना. बाबांना दिसलं हिरवं बटण. बाबांनी दाबलं. खट.

बटण लागलं पंपाला. घर्र घर्र घर्र. पंपानं दिलं पाणी.

पाणी मिळालं माडाला. घट घट घट. माडानं दिला नारळ. धप्प.

नारळ मिळाला आईला. आईनं फोडला, खवला, पिळला. आईनं दिली पेज.

पेज मिळाली जुईला. एक घास काऊचा. एक घास चिऊचा. मट मट मट. वाटी रिकामी. पोट गच्च. आणि मूठ? मूठ झाली सैल.

टिंगू आला होता ना परत. पण सगळ्यांची पळापळ चाललेली. मोठे मोठे पाय, इकडे धाड, तिकडे धाड. टिंगू घाबरून लांबच थांबला, माडाच्या बुंध्याशी.

जुई अंगणातल्या खाटेला धरून उभी होती. तिला टिंगू दिसला. उघडा, भिजलेला, एवढासा. जुईनं शंखाकडे बघितलं. टिंगूकडे बघितलं. हात पुढे केला.

म्हणाली, "घे."

आई थबकली. जुई आजवर कधी घे म्हणाली नव्हती.

पण हात पोचेना. टिंगू होता तीन पावलं लांब. जुईनं हात आणखी पुढे केला. तरी पोचेना. मग जुईनं खाट सोडली.

एक पाऊल.

बाबांनी श्वास रोखला.

दोन पावलं.

ताईनं आईचा हात धरला.

तीन पावलं. आणि धुप्प.

जुई बसली ती टिंगूच्या समोरच. तिनं मूठ उघडली. आत शंख. स्वच्छ, कोरडा, जुईच्या मुठीनं उबदार झालेला.

टिंगू सुळ्ळकन आत शिरला. मग दोन डोळे हळूच बाहेर काढले. म्हणाला, "जुईबाळ, माझं घर मिळालं."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "जुई चालली. पण माझ्याकडे नाही चालली."

ताई म्हणाली, "माझ्याकडेपण नाही."

आईनं डोळे पुसले. हसली. "टिंगूकडे चालली ती. मग पहिला घास टिंगूचा."

डबा उघडला. कोल्हापूरचा गूळ. वाडीचं ओलं खोबरं. आईनं कालवलं. जुईनं आपल्या हातानं टिंगूपुढे ठेवलं. टिंगूला तो घास केवढा मोठा. डोंगरच.

मग सगळ्यांना मिळालं. ताईला मिळालं. बाबांना मिळालं. आईनं शेवटी घेतलं. माडाच्या मुळाशी थोडं ठेवलं. पंपालाही ठेवलं. पण पंपाला तोंड नाही, म्हणून ते ताईनं खाल्लं.

टिंगूनं अर्धा घास खाल्ला. अर्धा नांगीत धरला. आणि निघाला.

ताईनं विचारलं, "आता कुठे निघालास?"

टिंगू म्हणाला, "लाटेकडे. तिनं काहीच मागितलं नाही ना. म्हणून तिला द्यायचंय."

तिरका तिरका, तुरु तुरु. पाठीवर शंख. नांगीत गूळखोबरं. वर घार फिरत होती, फिरू दे. टिंगू आपल्या घरासकट चालला होता. मागून बाबा चालले. आई चालली. ताई चालली. आणि आईचं बोट धरून, एक पाऊल, दोन पावलं, धुप्प, एक पाऊल, दोन पावलं, धुप्प, जुई चालली.

लाट काठाशी आली. टिंगूनं घास पाण्यात सोडला. लाटेनं तो अलगद घेतला आणि जाता जाता जुईचे नवे नवे पाय धुऊन गेली.

गोष्ट आली भरतीला,
गोष्ट गेली ओहोटीला,
गुळाचा खडा तुमच्या ओठाला.