तोठरा

"पण बाबा, जिथं पेशंटच नाहीत, तिथं डॉक्टर पाठवून करायचंय काय?"

उमेदगिरी गोसावी मठाच्या अंगणात पत्रावळी पुसत होते. पुसतच राहिले.

सुबोधच्या खिशात अर्ज होता. उद्या कुसरवाडीच्या दवाखान्यात हजर व्हायचं, असा हुकूम आलेला. तो रद्द करणारे साहेब बाबांच्या पायाशी बसणारे. बाबांनी नुसती मान हलवली असती, तरी काम झालं असतं.

"पेठेत एका गल्लीत सरकारी-खाजगी मिळून आम्ही अकरा डॉक्टर," तो म्हणाला. "तरी बाकावर जागा नसते. कुसरवाडीच्या रजिस्टरात महिन्याला चार नावं. गरज कुठं आहे, तुम्हीच सांगा."

"अकरा…" बाबा म्हणाले. "एक शिंक आली की अकरा रुमाल."

सुबोधचे कान तापले.

"तिथली खुर्ची किती वर्षं रिकामी?"

"तीन. पण त्याचा काय…"

"ही बादली घे. पंगत बसलीय, आमटी वाढ."

चडफडत का होईना, सुबोधनं ओगराळं उचललं. पंगतीच्या तोंडाशी सगळी ओळखीची माणसं.

"डॉक्टर, इकडं जरा."

"भाच्या, मामाच्या पानात तळ दिसायला लागला की."

आता मामानंच हाक मारल्यावर वाढप्याचा पाय पुढं जाईल कसा? तो मागं फिरला. पुन्हा फिरला. लोकांनी पानावर हात आडवे धरले, तरी बोटांच्या फटीतून आग्रहाचं एकेक ओगराळं पडलंच.

अंगणातल्या चिंचेच्या झाडापलीकडं, पंगतीच्या शेपटाला, डोंगरावरची माणसं बसली होती. तिकडून आवाज नव्हता.

अर्धी बादली उरली. ती घेऊन तो परत आला, तर बाबा जागेवर नव्हते.

ते शेपटाला, कुसरवाडीच्या एका म्हातारीशेजारी बसले होते. पुढ्यात कोरडाठाक भात. त्यांनी मोठा घास घेतला. त्यावर आणखी एक.

तिसऱ्या घासाला मान ताठली. हात छातीवर गेला. तोंड उघडं… शब्द नाही.

"तोठरा बसला गं बाबांना," म्हातारी पुटपुटली.

सुबोध बादली टाकून धावला. पाठीत थापा घातल्या. एक… दोन… चार. घास सुटला. मग तांब्या तोंडाला लावला.

सगळी पंगत थांबली होती.

बाबांचा श्वास मोकळा झाला. तसा सुबोधला राग आला.

"वीस पावलांवर होतो मी, बाबा. बादलीत आमटी होती. इकडून कुणी मागितलीच नाही, म्हणून… तुम्ही तरी एक हाक मारायची."

बाबांनी ओठ पुसले. म्हातारीच्या पानाकडं पाहिलं. तिचाही भात कोरडाच होता.

"तोठरा बसलेल्यानं," ते म्हणाले, "हाक मारायची कशी, डॉक्टर?"